गिरगावची गुप्त लहर ते माटुंग्याचे उघडे दार : मुंबईतील बिनतारी सुरक्षेचा इतिहास

१/ आजचा धागा थोडा वेगळ्या विषयावर आहे. इ.स. २००८ मध्ये मुंबई आणि नवी मुंबईतील तीन वायफाय जोडण्यांमधून बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारे ई-मेल पाठवले गेले आणि तपास यंत्रणा प्रत्येक वेळी एका निरपराध पत्त्यावर जाऊन पोहोचली. त्याच्या सहासष्ट वर्षे आधी याच शहरात, गिरगाव आणि चौपाटीच्या परिसरात, ब्रिटिश पोलीस एका अदृश्य आवाजाचा माग काढत फिरत होते. या दोन घटना एकत्र वाचल्या की बिनतारी सुरक्षा म्हणजे नेमके काय, हे चांगले उमगते.

२/ प्रथम कायद्याची पार्श्वभूमी पाहू. तारायंत्रावर सरकारचा एकाधिकार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने प्रस्थापित केला होता. पुढे १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपण करणाऱ्यांचे परवानेही स्थगित झाले. हवेतील लहरींवर राज्यसंस्थेने असा पूर्ण पहारा बसवला होता.

३/ अशा वातावरणात ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’ ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत प्रमुख नेते अटकेत होते. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. कोणत्या प्रांतात काय घडते आहे, हे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा मार्गच उरला नाही. तेव्हा चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयातून पदवी घेतलेली बावीस वर्षांची एक तरुणी आणि तिचे सहकारी एका धाडसी योजनेकडे वळले. त्या तरुणीचे नाव उषा मेहता.

४/ उषाबेन एकट्या नव्हत्या. विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी ही मंडळी बरोबर होती. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन लाभले. शिकागो रेडिओ या प्रसिद्ध ध्वनियंत्र पेढीचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली. प्रक्षेपक उभारण्यासाठी जाणकार तंत्रज्ञ मिळाला. पैसा, यंत्र, आवाज आणि बातमी या चारही गोष्टी वेगवेगळ्या हातांनी आणल्या होत्या, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

५/ २७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘काँग्रेस रेडिओ’ हवेत आला. लहरींची लांबी ४२.३४ मीटर. निवेदनात ठिकाण सांगितले जाई ते एवढेच : भारतात कुठेतरी. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, बलियातील उठाव आणि आपल्या विदर्भातील चिमूर-आष्टीचे प्रकरण, या बातम्या छापण्यास वृत्तपत्रे धजत नव्हती. त्या या केंद्राने लोकांना ऐकवल्या.

६/ आता थोडे विज्ञान. ४२.३४ मीटरची लहर म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ वारंवारता, अर्थात लघुलहर. ती वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर जाते. पण जी लहर मित्रापर्यंत जाते, तीच शत्रूच्या कानावरही पडते. वळणदार तारेचा अँटेना फिरवत राहिले की लहर कोणत्या दिशेने येते हे कळते. दोन वेगळ्या ठिकाणांहून दिशा घ्यावी, नकाशावर दोन रेषा ओढाव्यात. त्या जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक असतो.

७/ शोधयंत्रे बसवलेल्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरू लागल्या. त्यावर एकच उपाय होता : मुक्काम हलवत राहणे. चौपाटीची सी व्ह्यू इमारत, गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगाव बॅक रोडवरील पारेख वाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला, असा या केंद्राचा प्रवास झाला. पुढे आणखी एक खबरदारी घेतली गेली. ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी होऊ लागले.

८/ महालक्ष्मी वगळली तर ही सगळी ठिकाणे पायी फिरता येतील इतकी जवळ आहेत. गिरगाव बॅक रोड म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल मार्ग. लॅबर्नम रोडवर गांधीजींचे मुंबईतील निवासस्थान मणिभवन आहे. पुढे अनेक वर्षे उषाबेन तेथील संग्रहालयाच्या अध्यक्ष होत्या. ज्या रस्त्यावर कधीकाळी लपून प्रक्षेपण केले, त्याच रस्त्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य उघडपणे काम केले.

९/ १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेख वाडीवर छापा पडला आणि केंद्र बंद पडले. फिरत्या शोधगाड्यांनी जाळे आवळत आणले होते, हे खरे. परंतु नेमका पत्ता पोलिसांना मिळाला तो माणसाकडून. प्रक्षेपक उभारणारा तंत्रज्ञच त्यांच्या हाती लागला होता. उषाबेनच्या आठवणींनुसार पोलीस आत शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका सुरू होती.

१०/ १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने निकाल दिला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले. खटल्यात सरकारने पुरावा म्हणून काय मांडले? या केंद्राचीच भाषणे. सरकारी श्रवणकेंद्र ती ऐकून उतरवून घेत होते. आज आपण ती वाचू शकतो, याचे श्रेय चोरून ऐकणाऱ्या त्या कानांनाही द्यावे लागते.

११/ या प्रकरणातून बिनतारी संपर्काविषयी तीन प्रश्न निघतात. काय बोलले जात आहे? कोण बोलत आहे? कुठून बोलत आहे? काँग्रेस रेडिओला पहिल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या देशाला द्यायचे होते, म्हणून त्याने कोणतीही सांकेतिक भाषा वापरली नाही. उरलेली दोन उत्तरे मात्र त्याला प्राण पणाला लावून लपवायची होती. हे तीन प्रश्न मनात ठेवून आपण साठ वर्षे पुढे जाऊ.

१२/ स्वातंत्र्यानंतरही १८८५ आणि १९३३ चे कायदे चालूच राहिले. दरम्यान जगात संगणकांना बिनतारी जोडणारे तंत्र आले. ‘८०२.११’ हे त्याचे प्रमाणक १९९७ मध्ये संमत झाले आणि १९९९ मध्ये त्याला ‘वायफाय’ हे सुटसुटीत नाव मिळाले. भारतात खरा बदल जानेवारी २००५ मध्ये झाला. केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ज्या गोष्टीसाठी १९४२ मध्ये तुरुंगवास होता, तिचे एक रूप आता दुकानातून विकत घेता येऊ लागले.

१३/ त्याच वर्षी मुंबईत एमटीएनएलची ‘ट्रायबँड’ सेवा घरोघरी पोहोचू लागली. राउटर आला. २.४ गिगाहर्ट्झची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांब. पल्लाही काही दशक मीटरांचाच. पण लालबाग-परळच्या चाळीत काही दशक मीटर म्हणजे किती बिऱ्हाडे, याचा हिशेब तुम्हीच करा. सामायिक गॅलरी, लाकडी दारे, एकाला एक लागून असलेल्या खोल्या. भिंत माणसाला अडवते. ही लहर मात्र ती ओलांडून जाते. शिवाय त्या काळचे कित्येक राउटर पासवर्डाविनाच चालू होत आणि बसवणारा माणूस इंटरनेट सुरू झाले की निघून जाई.

१४/ कुलूप नव्हतेच का? होते, पण कच्चे होते. वायफायच्या पहिल्या सांकेतिक पद्धतीचे नाव ‘वेप’. तिच्यात प्रत्येक संदेशपुडक्यासाठी किल्लीला २४ बिटांची एक वेगळी संख्या जोडली जाई. अशा संख्या एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख. आकडा मोठा वाटतो, परंतु वर्दळीच्या जाळ्यात त्या लवकर संपतात आणि पुन्हा पुन्हा येऊ लागतात. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी या पद्धतीचा गाभाच कमकुवत असल्याचे दाखवले. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाटच्या संशोधकांनी अशी किल्ली एका मिनिटाच्या आत शोधून काढली.

१५/ तोवर पर्यायही तयार झाले होते. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आली आणि २००४ मध्ये अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए २’. म्हणजे २००८ साली बाजारात चांगले कुलूप उपलब्ध होते. ते लावण्याची गरज मात्र बहुतेकांना वाटत नव्हती. शेजाऱ्याने फुकट इंटरनेट वापरले तर फार तर वेग कमी होईल, एवढीच भीती होती.

१६/ २६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. ५६ माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने वृत्तसंस्थांना ई-मेल गेला होता. तो कोणत्या जोडणीवरून आला हे शोधत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरी पोहोचले. तिथे राहणाऱ्या परदेशी रहिवाशाची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. त्याचा त्या मेलशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्याचे वायफाय उघडे होते, इतकेच.

१७/ असे का झाले, हे समजून घेऊ. इंटरनेटवर तुमच्या जोडणीला एक आयपी पत्ता असतो. कोणत्या क्षणी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते. पण राउटरच्या मागे दहा उपकरणे जोडलेली असली तरी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो. वाड्याच्या दारावर एकच पाटी असावी आणि आत दहा भाडेकरू असावेत, तसे हे आहे. अकरावा माणूस जिन्याखाली उभा राहून तोच पत्ता वापरत असेल, तर पाटी वाचून तो सापडणार नाही.

१८/ २३ ऑगस्ट २००८ रोजी दुसरा मेल आला. यावेळी माग दादरच्या शेजारी, माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यापर्यंत गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले. त्या वेळचा मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. एक घर, एक महाविद्यालय, एक कार्यालय. तिन्ही ठिकाणी जोडणीचा मालक वेगळा आणि लिहिणारा वेगळा.

१९/ १९४२ शी तुलना करा. तेव्हा लहरीचा माग थेट प्रक्षेपकापाशी नेत असे, म्हणून काँग्रेस रेडिओला स्वतःचे यंत्र घेऊन घरे बदलावी लागली. २००८ मध्ये मेल पाठवणाऱ्याला यंत्र हलवण्याचीही गरज नव्हती. शहरभर दुसऱ्यांची यंत्रे उघडी पडली होती. त्याने फक्त लॅपटॉप घेऊन फिरायचे. ‘कुठून’ या प्रश्नाचे उत्तर मिळत होते, पण ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर खोटे निघत होते आणि त्या खोट्या उत्तराची किंमत तिसराच माणूस मोजत होता.

२०/ ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने काही संशयितांना अटक केली. हे मेल पाठवणाऱ्या गटात संगणकशास्त्राचे जाणकार असून त्यांनी उघडी जाळी शोधून वापरली, असे पोलिसांचे म्हणणे होते. नोव्हेंबरात २६/११ चा हल्ला झाला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी नवा उपक्रम जाहीर केला : उपकरणे घेऊन पथके रस्त्यांवर फिरतील, असुरक्षित वायफाय शोधतील आणि मालकाला ते बंदिस्त करण्याची नोटीस देतील. लहरींचा माग काढणारी पोलीस पथके या शहराने पुन्हा पाहिली. यावेळी मात्र ती लहर पाठवणाऱ्याला पकडण्यासाठी निघाली नव्हती. त्याला सावध करण्यासाठी निघाली होती.

२१/ २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवली गेली पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर पाठवलेल्या सांकेतिक अंकाने ती पटवता येईल. आज रेल्वे स्थानकावर वायफाय जोडताना मोबाइल क्रमांक मागितला जातो आणि ओटीपी येतो, त्या प्रथेचे मूळ इथे आहे.

२२/ जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांची स्थानकांवरील मोफत वायफाय सेवा सुरू झाली. तिचे पहिले स्थानक होते मुंबई सेंट्रल, गिरगावपासून हाकेच्या अंतरावर. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी ‘आपले सरकार मुंबई वायफाय’ सुरू केले. कोट्यवधी लोकांनी ओटीपी टाकला आणि ‘हे सुरक्षित आहे’ असे मानले.

२३/ इथे एक मोठा गैरसमज आहे. ओटीपीमुळे सेवा देणाऱ्याला ‘कोण’ हे कळते. त्याने हवेतील लहर सांकेतिक होत नाही. ज्या जाळ्याला पासवर्डच नाही, त्यातील पुडकी बाजूच्या बाकावरचा माणूसही टिपू शकतो. संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ असेल तर मजकूर झाकलेला राहतो, हे खरे. पण ते झाकण संकेतस्थळाने दिलेले असते, वायफायने नव्हे. तपास यंत्रणेची सुरक्षा आणि वापरणाऱ्याची सुरक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली ओळख उघड करण्याने साधते, दुसरी मजकूर झाकण्याने.

२४/ याहून अवघड प्रश्न नैतिक आहे. ओळख लपवून बोलणे गिरगावात स्वातंत्र्याच्या कामी आले. २००८ मध्ये तेच निरपराधांच्या हत्येची फुशारकी मारण्याच्या कामी आले. तंत्र स्वतः या दोहोंत भेद करत नाही. म्हणून ‘लपण्याची सोय असू नये’ असे म्हणणाऱ्याने उषाबेन आठवाव्यात आणि ‘सगळे मोकळे असावे’ असे म्हणणाऱ्याने सानपाड्याचा तो रहिवासी आठवावा. एक भेद मात्र स्पष्ट आहे. काँग्रेस रेडिओच्या मंडळींनी धोका स्वतःच्या अंगावर घेतला आणि शिक्षा भोगली. २००८ च्या मेल पाठवणाऱ्यांनी तो अनोळखी माणसांच्या दारात नेऊन ठेवला.

२५/ इतिहासाचा धागा असला तरी थोडे व्यवहाराचे बोलू. आपले दार आपण लावावे. राउटरच्या मांडणीत ‘डब्ल्यूपीए २’ किंवा २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए ३’ निवडा. ‘वेप’ दिसली तर ती ताबडतोब बदला. पासवर्ड लांब ठेवा : ८ ते ६३ अक्षरांची मुभा असते. ‘डब्ल्यूपीए २’ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घरी बसून शब्दामागून शब्द ताडून पाहता येतात, त्यामुळे मुलाचे नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड टिकत नाही. चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांची साखळी त्याहून कितीतरी भक्कम.

२६/ दुसरा पासवर्ड बहुतेक जण विसरतात. तो राउटरच्या स्वतःच्या मांडणीचा. कारखान्यातून आलेला मूळ शब्द सर्वांना ठाऊक असतो, तो बदला. बटण दाबून जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद ठेवा. राउटरची प्रणाली अद्ययावत करा. २०१७ मध्ये ‘डब्ल्यूपीए २’ मध्येही ‘क्रॅक’ नावाची त्रुटी सापडली होती आणि ती दुरुस्त झाली ती अशा अद्ययावतीकरणानेच.

२७/ खोट्या कुलपांपासून सावध राहा. जाळ्याचे नाव लपवले म्हणजे ते अदृश्य होत नाही. तुमचा फोनच ते नाव हवेत पुकारत राहतो. ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी यादीही पुरेशी नाही, कारण उपकरणाचा क्रमांक ऐकता येतो आणि त्याची नक्कलही करता येते. १९४२ मध्ये ‘भारतात कुठेतरी’ एवढेच सांगितल्याने शोधगाड्या थांबल्या नव्हत्या, हे आपण पाहिलेच आहे.

२८/ आणि माणसांविषयी. चाळीत साखर मागावी तसा पासवर्डही मागितला जातो, आणि शेजारधर्म सोडा असे कोणी सांगणार नाही. त्यासाठी राउटरमध्ये ‘पाहुण्यांचे जाळे’ ही वेगळी सोय असते. ती द्या आणि तिचा पासवर्ड अधूनमधून बदला. पारेख वाडीचा ठावठिकाणा अखेर एका माणसाच्या तोंडून बाहेर पडला होता. ज्यांना किल्ली ठाऊक आहे त्यांची संख्या जितकी मोठी, तितके कुलूप कच्चे.

२९/ उषाबेन १९४६ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्या. पुढे त्यांनी गांधीविचारावर संशोधन केले, अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वेळी चर्नी रोडला उतरलात तर चौपाटी, लॅबर्नम रोड आणि विठ्ठलभाई पटेल मार्ग अशी एक फेरी जरूर मारा. चालताना फोनवर आसपासच्या वायफाय जाळ्यांची यादी उघडून पाहा. कुलपाचे चिन्ह नसलेले एखादे नाव अजूनही दिसेल. ते तुमच्या घरचे नसावे, इतकेच.